लाइनमन

मंडईच्या दुसऱ्या दिवशी
धान कापलेल्या बांध्यांचे धुरे फोडून मैदान केलं.
गोलाला बांबू, आणि ढिवरांनी दिलेलं जुनं जाळं;
त्याला अजून झिंग्यांचा वास.

मी वीज मंडळाचा लाइनमन.
नावावरूनच मला सामन्यातही लाइनमन केलं.
झेंडी घे न पळ, म्हणाले.

फायनल. आपण आणि चिचटोला, एक-एक.
पहिलं बक्षीस बोकड, पंपाच्या खोलीपाशी बांधलेला,
गळ्यातला झेंडूचा हार तो स्वतःच खात होता.

कॉर्नर आला.
निकेश कोडापे उडाला, त्यांचा जाड्या बॅकही उडाला.
आवाज झाला तो चेंडूचा नव्हता,
कच्चं कवठ दगडावर पडावं तसा.
निकेश पडला आणि उठला.
उठला ते सगळ्यांनी पाहिलं.
मधले दोन-तीन श्वास तो कुठेच नव्हता,
ते मी पाहिलं. मी जवळ होतो.

"पाणी मारा तोंडावर." "कांदा फोडा, कांदा!"
माइकवर दुधराम गुरुजी: आपला वाघ उभा झालेला आहे!

बाबू, गाव कोणतं?
हसला. "आपलंच न गा."
वार?
"बुधवार."
गोल किती?
"एक-एक. एक माहा."
सगळं बरोबर.
मग त्यानं मला विचारलं,
"काका, हाफटाइम झाला का?"
झाला न. संत्र्याच्या फोडी तूच वाटल्या.
"हाव, हाव."
वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.
उठला.
"काका, हाफटाइम झाला का?"

मी झेंडी टाकली. म्हटलं, हा बाहेर.

आमच्या कामात असं आहे,
तार तुटून चिखलात पडलेली असते,
बाजूला बगळा निवांत उभा असतो,
गाव म्हणते, मेली आहे, उचल.
आम्ही ती जिवंतच धरतो.
आधी सबस्टेशनला फोन, मग अर्थिंग, मग हात.
नव्व्याण्णव वेळा मेलेलीच निघते.
लोक हसतात.
शंभरावी रूपचंद शहारेच्या वाट्याला आली.
त्याची सायकल अजून ऑफिसच्या भिंतीला टेकून आहे.

हे तिथे बोललो नाही.
तिथे इतकंच म्हटलं, शंका आहे.
"शंका?" निकेशचा भाऊ अंगावर आला,
"शंकेवर कोणी पोट्टा काढते का बे?"
शंकेवरच काढते, म्हटलं.
खात्री झाल्यावर गाडी लागते.

रेफरी साकोलीचा, पोलीस भरतीची तयारी करणारा.
नियम त्यालाही ठाऊक नव्हता, मलाही.
त्यानं एकदा बोकडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि बदलीचा हात केला.

बदलीला पोस्टमास्तरचा पोरगा.
चष्मा माझ्या हातात देऊन आत गेला,
चेंडू कुठी आहे विचारत जीव तोडून पळला.
दोन-एकनं हरलो.
बोकड गेला. हार तोवर संपला होता.

निकेश धुऱ्यावर बसून मला शिव्या देत होता,
देता देता ओकला.
मग सगळे गप्प झाले.
माझं बरोबर होतं, असं कोणी म्हटलं नाही.
मलाही ते ऐकायचं नव्हतं.

दवाखान्यातून आणलं, अंधारात ठेवा म्हणाले.
खिडकीसमोर खांब, खांबावर दिवा.
त्याची माय म्हणाली, उजेड डोळ्यात टोचते त्याच्या.
तिसऱ्या रात्री मी चढलो, बल्ब काढून खिशात टाकला.
गल्लीतून कोणी ओरडलं,
"आता हाही बाहेर काढला काय?"

खाली उतरलो तर आतून आवाज,
"काका, बोकड कोणी नेला?"
चिचटोल्यानं.
"अन् चष्मेवाल्याले काहून घेतलं?"
दुसरा कोणी नव्हता.

मग खांबाला टेकून उभा राहिलो, पुष्कळ वेळ.
बल्ब खिशात गरम होता.
त्यानं पुन्हा विचारलं नाही.